मोटारसायकलची साखळी : तिची पारख व निगा

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलजोडी व गाडी असे. आतां तेथें बहुधा मोटारसायकलहि उभी असते. हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ या आमच्या पांचही तालुक्यांत हें वाहन केवळ माणसांच्या येण्याजाण्यापुरतें राहिलेलें नाहीं. युरियाचें ४५ किलोचें पोतें, दुधाची कॅन, फवारणीचा पंप, हळदीचें बेणें, सारें त्याच्याच पाठीवरून जातें. हा सर्व भार जी ओढते ती साखळी मात्र झांकणाआड असल्यामुळें दृष्टीस पडत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याची निगाहि होत नाहीं. म्हणून तिच्याविषयीं चार उपयुक्त गोष्टी येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तिची रचना समजून घ्यावी. हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस कारागिरानें इंग्लंडांतील मँचेस्टर येथें १८८० सालीं रूळ बसविलेली जी साखळी सिद्ध केली, तिचाच आराखडा आजहि चालत आहे. प्रत्येक सांध्यांत एक पोलादी पिन, तिच्यावर एक नळी व नळीवर फिरणारा रूळ असतो. 'साखळी ताणली' असें आपण म्हणतों, पण वस्तुतः पोलाद ताणलेलें नसतें. पिन व नळी एकमेकींवर घासून झिजलेल्या असतात. एका सांध्यांत ०.१ मिलिमीटर झीज झाली, तर १०० सांध्यांच्या साखळीची लांबी १० मिलिमीटरनें वाढते.

ही झीज आमच्याकडे लवकर होते, याचें कारण आमची काळी जमीन. पावसाळ्यांत पाणंदीचा चिखल झांकणांत जाऊन बसतो. उन्हाळ्यांत तीच माती बारीक धूळ होऊन तेलांत मिसळते व कानशीचें काम करते. पोत्यांतून सांडलेलें खत ओल धरून लोखंडास गंज आणतें, तें वेगळेंच. चिखल अडकतो म्हणून कित्येक जण झांकण काढून टाकतात. तसें मुळींच करूं नये. मागें बसणाऱ्या बाईच्या लुगड्याचा पदर वा मुलाचें पाऊल साखळींत जाण्यास तेवढी मोकळीक पुरते.

आतां मुख्य गोष्ट. ढिली साखळी दांत्यांवरून उडते, आणि उतरून चाकांत अडकली तर स्वाराच्या जिवावर बेततें. या भीतीनें पुष्कळ शेतकरी ती तारेसारखी ताठ करून घेतात, व दुसरें नुकसान येथेंच सुरू होतें. मागील चाक ज्या भुजांमध्यें बसविलेलें असतें त्यांस कारागीर चिमटा म्हणतात. या चिमट्याचा सांधा पुढील दंतचक्राच्या थोडा मागें असतो. त्यामुळें ओझ्यानें गाडी दबली कीं दोन्ही दंतचक्रांतील अंतर वाढूं लागतें. पुढील चक्राचा मध्य, चिमट्याचा सांधा व मागील चाकाचा आंस हीं तिन्हीं एका रेषेंत आलीं म्हणजे ताण सर्वांत अधिक होतो. रिकाम्या गाडीवर ताठ केलेली साखळी पोतें लादतांच गिअरपेटीचें व चाकाचें बेअरिंग ओढूं लागते. ढिलेपणा आवाज करून सांगतो. ताठपणा मुकाट्यानें यंत्र खातो.

पारख अशी करावी. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्यें मधल्या स्टँडवर घ्यावी. चालत्या साखळीजवळ बोट नेणें म्हणजे बोट गमावणें होय. झांकणावरील रबरी बूच काढून खालच्या पदराच्या मध्यभागीं साखळी वरखालीं हलवून पाहावी. लहान गाड्यांत ही हालचाल साधारणतः २० ते ३० मिलिमीटर असावी. परंतु गाडीसोबतच्या पुस्तकांतील आंकडाच प्रमाण मानावा. चाक थोडें थोडें फिरवून चार ठिकाणीं माप घ्यावें, कारण साखळी सर्वत्र सारखी झिजत नाहीं. जेथें ती अधिकांत अधिक ताठ असेल, तेथेंच माप जुळवावें.

जुळवितांना आंसाची नट सैल करून दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवावे व चिमट्यावरील खुणा पाहाव्या. चाक तिरपें राहिल्यास दांते एका अंगानें झिजतात. नट घट्ट केल्यावर मागील ब्रेक अवश्य तपासावा. चाक मागें सरल्यानें ड्रम ब्रेकची दांडी ओढली जाऊन ब्रेक घासत राहण्याचा संभव असतो. साखळीस लॉक असल्यास त्याचें बंद टोंक साखळी ज्या दिशेनें धांवते त्या दिशेस असावें.

सुमारें ५०० किलोमीटरनंतर, व पावसाळ्यांत चिखलांतून आल्यावर त्याहूनहि आधीं, साखळी रॉकेलनें धुऊन, पुसून, वाळवून ९० नंबरचें गिअर ऑइल द्यावें. चाक हातानें फिरवीत खालच्या पदराच्या आंतील बाजूस थेंब थेंब सोडावें. इंजिनांतून काढलेलें काळें तेल फुकट मिळतें खरें, पण त्यांत धातूचा बारीक कीस असतो; झीज थांबविण्यास झीजच घालण्यासारखें तें आहे. सांध्यांत रबरी कड्या असलेली साखळी पेट्रोलनें कधींहि धुऊं नये.

साखळी केव्हां बदलावी, याचेंहि माप आहे. लहान गाड्यांत दोन पिनांमधील अंतर बहुधा १२.७ मिलिमीटर असतें. साखळी ताठ धरून लागोपाठ २१ पिना मोजाव्या. पहिलीच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या साखळींत २५४ मिलिमीटर भरतात. तें माप २५९ च्या सुमारास गेलें, म्हणजे शेंकडा २ वाढ झाली, कीं साखळी टाकावी. त्याच वेळीं दोन्ही दंतचक्रेंहि बदलावीं. विळ्याच्या टोंकासारखे वांकलेले जुने दांते नवी साखळी थोड्याच दिवसांत खराब करितात.

पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलाची खांदेमळणी करितों, कारण वर्षभराचें जूं त्या खांद्यानें वाहिलेलें असतें. साखळीस वर्षांतून एकदांची मळणी पुरणार नाहीं. पेरणीच्या दिवसांत ती दर पंधरवड्यास व्हावी. एक पाना, एक मोजपट्टी व अर्धा तास एवढीच सामुग्री तीस लागते. माप घेतल्याची तारीख व किलोमीटर वहींत टिपून ठेवावे, आणि गाडीवर नेहमीं जेवढें ओझें असतें तेवढें लादून एकदां साखळी पुन्हां हलवून पाहावी, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.