जिना डावीकडे होता

पंचवटीतला आमचा वाडा पाडला, तेव्हा नातीने विचारलं, "आजोबा, तो होता तरी कसा?" उत्तर म्हणून मी हातभर लांबीचा वाडा करायला घेतला, तिची भातुकली मावेल एवढा.

बँकेत जन्मभर डिंकाची बाटली हाताशी होती. चिकटवण्यातलं आपल्याला सगळं कळतं, हा समज पहिल्याच रविवारी गेला. भिंतींना जुन्या मखरातला थर्माकोल घेतला आणि वर चपला चिकटवायचं पिवळं सोल्युशन फासलं. भिंत डोळ्यांदेखत विरघळली! थर्माकोल, पुठ्ठा, लाकूड यांना पांढरा फेव्हिकॉलच बरा. पातळ लावावा, दोऱ्याने बांधून रात्रभर विसरून जावं. झटपट चिकटणाऱ्या थेंबाने खिडकीची प्लास्टिकची काच धुरकटली, ती धुरकटलीच. पितळी कडीला दोन ट्यूबा कालवून लावायचं अ‍ॅराल्डाइट.

भिंतीच्या कागदाला मात्र आईची मैद्याची खळ. कागद सरकवून नीट बसवायला ती सवड देते. कसर लागू नये म्हणून आई तीत मोरचूद घालायची; तो विषारी, म्हणून खेळण्यात मी घातला नाही.

वाडा उभा राहिला. थोरली बहीण बघायला आली, चष्मा पुसून म्हणाली, "अरे, जिना डावीकडे होता. आई तिथेच बसून तांदूळ निवडायची."

मला आठवेना. पण फेव्हिकॉल पाण्याने सुटतो. जिन्याच्या आइस्क्रीमच्या काड्यांवर कोमट पाण्याची चिंधी ठेवली आणि आम्ही दोघं बोलत बसलो.