सिपनेच्या काठचं जुनं खातं

"वाघ दिसला का?"

मेळघाटाहून परत आल्यापासून हा प्रश्न मला सोसायटीच्या वॉचमनपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. नाही दिसला. मातीत पंजाचा ठसा दिसला, सागाच्या खोडावर नखांचे ओरखडे दिसले. एका पहाटे सांबर ओरडलं, तेव्हा आमचा गाईड ओठांवर बोट ठेवून पंधरा मिनिटं पुतळ्यासारखा उभा राहिला. पण वाघ नाही. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा असा पडतो की, जणू माझे पैसे बुडाले. वारकऱ्याला कळसाचं दर्शनसुद्धा पुरतं, हे मी त्यांना सांगत बसत नाही.

खरं म्हणजे मी वाघासाठी गेलोच नव्हतो. एक जुनं काम राहिलं होतं.

1985 साली आमच्या बँकेनं माझी बदली मेळघाटाच्या कडेच्या एका शाखेत केली, शेती अधिकारी म्हणून. तेव्हा सरकारी नोकरांत मेळघाटाची बदली म्हणजे काळं पाणी. सहकाऱ्यांनी निरोपसमारंभात मला शालीऐवजी ब्लँकेट दिलं आणि मलेरियाच्या गोळ्यांची एक बाटली. तीन वर्षं मी तिथे काढली. पुढे मुंबई-पुणे झालं, नोकरी सांभाळून कादंबऱ्या लिहिल्या, 2018 साली निवृत्त झालो. मेळघाटावर मात्र मी एक ओळही लिहिली नाही. का, ते पुढे येईलच.

2024 च्या होळीला आम्ही निघालो. मी, सौ. आणि दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली नात. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट चढून घटांग, मग सेमाडोह. परतवाड्यापर्यंत वऱ्हाडचं सपाट, काळं, ऊन प्यायलेलं शेत आणि मग एकाएकी गाविलगडचे डोंगर. पळस पेटलेला. सागाची पानं गळून गेलेली, त्यामुळे जंगलाच्या बरगड्या मोजता येत होत्या. नात म्हणाली, "आजोबा, हे जंगल आहे? हे तर वाळलंय सगळं." कोकणातलं हिरवं रान पाहिलेल्या डोळ्यांना मेळघाट पहिल्या दिवशी आवडत नाही. मलाही आवडला नव्हता.

इथला खडक काळा, बेसॉल्टचा. पावसाळ्यात धो धो पाणी पडतं आणि उतारावरून तसंच वाहून तापीला जातं. सिपना, खापरा, खंडू, डोलार, गडगा या साऱ्या नद्या अखेर तापीच्याच लेकी. फाल्गुन लागला की त्यांची धार तुटते आणि मागे राहतात ते डोह. सेमाडोह हे नावच सांगतं. उन्हाळ्यात सगळा संसार या डोहांभोवती गोळा होतो. गवे, अस्वलं, सांबरं, आणि त्यांच्या मागावर असणारे. पूर्वी माणसंही.

सेमाडोहच्या अलीकडे रस्त्यावर दोर आडवा आला. दोन्ही टोकांना कोरकू बायका, मधे हसणाऱ्या पोरी. गाडी थांबली तशी नात घाबरून तिच्या आजीला बिलगली. मी मात्र पाकीट काढलं. हा फगवा! मेळघाटात होळी एका दिवसात संपत नाही. चांगली पाचेक दिवस चालते आणि त्या दिवसांत रस्त्यानं जाणाऱ्यानं फगव्याचे पैसे द्यायचे, गाणं ऐकायचं आणि पुढे जायचं. 1986 मध्ये आमच्या बँकेच्या जीपलाही तीन ठिकाणी दोर लागला होता. तेवीस रुपये गेले. मी ते इमानानं किरकोळ खर्चात ‘फगवा’ म्हणून लिहिले. पुढे सहा महिने वरच्या कार्यालयातून विचारणा येत राहिली, फगवा ही काय वस्तू आहे आणि तिची पावती कुठे आहे? शेवटी मी खिशातून तेवीस रुपये भरले आणि खातं मिटवलं.

कोलकासला सिपनेच्या वरच्या अंगाला विश्रामगृह आहे. संध्याकाळी त्याच्या कट्ट्यावर बसलं की खाली नदीचं वळण दिसतं. आमचा गाईड कोरकू, पंचविशीतला. नातीनं त्याला विचारलं, तुमच्या भाषेत वाघाला काय म्हणतात? "कुला." आणि सिपना म्हणजे? "साग." सागाची नदी! तीन वर्षं मी या नदीकाठच्या गावांत फिरलो, पण तिच्या नावाचा अर्थ कधी विचारला नाही. आमच्या फॉर्मात तो रकाना नव्हता.

कोरकू ही मराठीची बहीण नाही, गोंडीचीही नाही. ती संथाळी-मुंडारीच्या घराण्यातली, त्या घराण्याची सगळ्यात पश्चिमेकडची भाषा. तिचे दूरचे नातेवाईक थेट कंबोडियात सापडतात. तिथल्या ख्मेर भाषेत वाघाला ‘ख्ला’ म्हणतात. कुला आणि ख्ला! मधे दोन देश आणि एक उपसागर, पण वाघाचं नाव शाबूत. ‘कोर’ म्हणजे माणूस, ‘कू’ लागलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे नुसतीच ‘माणसं’. आम्ही मात्र कागदोपत्री त्यांना ‘लाभार्थी’ म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाईडनं जिप्सी थांबवून एका वठलेल्या फांदीकडे बोट दाखवलं. मुठीएवढं घुबड, भर उजेडात, शेपटी झटकत बसलेलं. रानपिंगळा. 1884 नंतर या पक्ष्याचा एकही विश्वासार्ह पुरावा नव्हता. नामशेष झाला असंच धरलं होतं. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी शहाद्याजवळ आले आणि त्यांना तो जिवंत सापडला. 113 वर्षांनी! पुढे मेळघाटातही आढळला. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय म्हणून बाजूला काढतात. या पठ्ठ्यानं शतकाहून अधिक काळ व्यवहार केला नव्हता. नातीनं त्याचे चाळीस फोटो काढले. ‘वाळलेलं जंगल’ हा शब्द त्यानंतर तिच्या तोंडून आला नाही.

आता माझ्या कामाबद्दल.

1973 साली व्याघ्रप्रकल्पाची योजना आली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. त्याच्या गाभ्यातलं 361 चौरस किलोमीटरचं गुगामल राष्ट्रीय उद्यान 1987 सालचं, म्हणजे मी तिथे असतानाच झालेलं. आत गावं होती. त्यातल्या एका गावात मी एका कोरकू शेतकऱ्याला म्हशीसाठी कर्ज दिलं होतं. गावाचं आणि त्याचं नाव लिहीत नाही. खातेदाराची गोपनीयता पाळण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्याला म्हैस नको होती. त्याला विहिरीवर इंजिन हवं होतं. पण त्या वर्षी आमचं उद्दिष्ट म्हशींचं होतं. किंमत तीन हजार, आदिवासी म्हणून निम्मी सबसिडी, उरलेलं कर्ज. म्हशीच्या कानात विम्याचा पितळी बिल्ला. त्या गावात दूध विकत घेणारं कोणी नव्हतं, हे मला अंगठा घेतानाही ठाऊक होतं.

चार महिन्यांत वाघानं म्हैस मारली आणि नाल्यात ओढत नेली. विम्याचा नियम असा की कानातला बिल्ला हजर करायचा. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. मी अहवालात लिहिलं, ‘बिल्ला सादर नाही.’ तीन शब्दांत दावा फेटाळला गेला. पुढची दोन वर्षं मी दर हंगामात त्याच्या दारात वसुलीला जात होतो. तो मोह विकून, रोजंदारीवर जाऊन शे-दीडशे आणून द्यायचा. कधी वर आवाज नाही. उलट घरामागच्या मोहाच्या झाडाखाली खाट टाकायचा, पाणी द्यायचा. माझी बदली झाली त्या आठवड्यात तो पायी शाखेत आला आणि फडक्यात बांधलेला बिल्ला टेबलावर ठेवला. दोन उन्हाळे नाल्यात शोधत होता म्हणाला. मुदत केव्हाच टळली होती. तसं मी त्याला सांगितलं. तो "बरं साहेब" म्हणून उठला. बिल्ला टेबलावरच राहिला.

छत्तीस वर्षं तो माझ्या खणात होता. या वेळी खिशात घेऊन गेलो.

गाव तिथे नव्हतं. हे मला माहीत होतं; 2001 नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावं आधी हलली आणि मागोमाग इतर कितीतरी. तरी समोर पाहणं वेगळं. कोरकूंच्या गावात घरांच्या दोन समोरासमोर ओळी आणि मधे रुंद रस्ता असतो. आता तिथे गवताचा लांब पट्टा होता आणि पलीकडे सहा-सात गवे निवांत चरत होते. गाईड उत्साहानं सांगत होता, उठलेल्या गावांच्या जागी कुरणं झाली, हरणं वाढली, वाघ वाढले. ते खरंच आहे. मोहाचं झाड मला सापडलं. खाली पिवळसर फुलांचा सडा आणि त्यात अस्वलाच्या पावलांची रांग. वेचायला कोणी नाही. राष्ट्रीय उद्यानात मोह वेचायला बंदी आहे. जरा पलीकडे दोन लाकडी मुंडे उभे होते, मेलेल्या माणसांच्या नावानं सिडोलीच्या विधीत बसवलेले. त्यांच्यावर कोरलेला सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार अजून ओळखू येत होते. सौ. तिथे हात जोडून उभी राहिली. नातीनं फोटो काढला नाही.

परतताना आम्ही परतवाड्याला उतरून अंजनगावमार्गे अकोटकडे वळलो. सातपुड्याच्या पायथ्याशी गावकऱ्यांची नवी वस्ती आहे. विचारत विचारत त्याच्या मुलाचं घर सापडलं. म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पन्नाशीचा, घर पक्कं, दारात मोटारसायकल. डांबरी रस्ता, शाळा जवळ, दवाखाना गाठता येतो. 1993 साली ज्या मेळघाटातली बालमृत्यूंची बातमी देशभर गाजली, तिथल्या माणसाला हे थोडं नाही. पण शेत नाही. 2008 पासून कुटुंबामागे दहा लाख मिळत. 2021 मध्ये ते पंधरा झाले. जमीन घेण्याइतका तो पैसा कोणाकडे टिकला, कोणाकडे नाही. काही गावचे लोक वैतागून जंगलात परत गेले आणि 2019 च्या जानेवारीत त्यांची वनखात्याशी झटापट झाली, हे वाचकांना आठवत असेल. कोणाच्या बाजूनं उभं राहावं, मला सांगता येत नाही. पण ज्यांना म्हशी देताना आपण त्यांचं ऐकलं नाही, त्यांना गाव सोडायला सांगताना ऐकलं असेल, अशी माझी खात्री नाही.

मी बँकेत होतो म्हटल्यावर त्यानं पत्र्याच्या पेटीतून मुदतठेवीच्या पावत्या काढल्या. व्याज कुठे जमा होतं, ते त्याला कळत नव्हतं. दोन तास बसून मी त्याला सगळं कागदावर मांडून दिलं, वारसाचा फॉर्म भरून दिला. या वेळी प्रत्येक रकाना आधी वाचून दाखवला.

मग बिल्ला काढला. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला. "बापाचा हा," म्हणाला आणि हसला. "लय शोधला त्यानं. आमी पोरं बी जायचो नाल्यात." मी काहीतरी बोलणार होतो, आठवडाभर मनात वाक्यं जुळवत होतो, पण तेवढ्यात त्याच्या नातवानं बिल्ला हातातून ओढून घेतला आणि अंगणात पळाला.

निघताना तो गाडीपर्यंत आला. खिडकीवर हात ठेवून हळूच विचारलं, "साहेब, तिकडं मोहा पडून राह्यला का?"

"पडतोय," मी म्हणालो. "खूप पडतोय."

"मंग यंदा अस्वलाची मजा हाय," तो म्हणाला.