रेशनचा तांदूळ वाढला, डाळीचं काय?

अन्नभाग्य योजनेत बीपीएल कार्डावर माणशी ५ किलो तांदूळ फुकट. वाढीव ५ किलोच्या बदल्यात जुलै २०२३ पासून किलोला ३४ प्रमाणे माणशी १७० रुपये कुटुंबप्रमुखाच्या खात्यावर यायचे. फेब्रुवारी २०२५ पासून पैसे थांबले, तांदूळच १० किलो झाला.

आता हिशोब बघा. महिन्याला १० किलो म्हणजे दिवसाला ३३३ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २००० कॅलरींच्या आहारासाठी धान्य सुमारे २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम धरली आहेत. म्हणजे भात जादा, डाळ मात्र दुकानातूनच आणायची. १७० रुपयांत थोडी तरी यायची. सगळ्यांनी ती डाळीलाच खर्च केली असं नाही, हेही खरं.

निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचं काम दिवसभर बसूनच. दोन्ही वेळ पांढरा भात आणि पातळ आमटी खाल्ली की रक्तातली साखर झटकन चढते. डॉक्टर म्हणतात भात कमी करा. पण भात फुकट आणि भाकरीची ज्वारी विकत, मग करणार काय?

कोगनोळी नाक्यापलीकडे कागलला २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल मिळालं होतं. तेही सणापुरतंच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने वाढीव तांदळाऐवजी डाळ, तेल, साखर, मिठाचं इंदिरा किट द्यायचं ठरवलं. किट हातात पडलं की आधी डाळीचं वजन बघून घ्या. घरात शुगरचा पेशंट असेल तर साखर जपून वापरा.