दीड किलोचं घर, पाठीवर

पावसाळा सरला की सह्याद्रीत तंबूंचा हंगाम सुरू होतो. हरिश्चंद्रगड, राजमाची, पवनेचा काठ, भंडारदरा, जिकडे तिकडे रंगीबेरंगी घुमट दिसू लागतात. पण दुकानात पाय ठेवला की गोंधळ! दोघांसाठीचे दोन तंबू शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एक तीन किलोचा, दुसरा दीड किलोचा, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: वजन कमी केलंय ते नेमकं कुठून? कापडातून, दांड्यांतून, जागेतून की टिकाऊपणातून? उत्तर ओळखता यावं म्हणून या काही गमतीच्या आणि तितक्याच कामाच्या गोष्टी.

साठ हत्तींचं बिऱ्हाड

१६६४ च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून काश्मीरकडे निघाला. सोबत असलेल्या फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवलंय की बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर रवाना व्हायचा. तो एक संच वाहायला ६० हून जास्त हत्ती, २०० उंट, १०० खेचरं आणि १०० हमाल लागत. मोठे तंबू हत्तींवर, छोटे उंटांवर, भांडीकुंडी खेचरांवर आणि नाजूक चिनी मातीची भांडी माणसांच्या डोक्यावर. बादशहाला वजनाची फिकीर नव्हती, कारण ओझं वाहणारी पाठ दुसऱ्याची होती. आपलं ओझं आपणच उचलायचं म्हटलं की सगळा हिशेब बदलतो.

बर्फाची कुऱ्हाड हाच खांब

आल्बर्ट ममरी हा १९ व्या शतकातला निष्णात ब्रिटिश गिर्यारोहक. त्याच्या छोट्या रेशमी तंबूला स्वतःचे खांबच नव्हते. बर्फात चढायला हातात असलेल्या कुऱ्हाडी दोन टोकांना उभ्या केल्या की तंबू तयार! १८९५ मध्ये नंगा पर्बतवर ममरीचा अंत झाला, पण युक्ती टिकली. आज एक किलोच्याही आत बसणारे अनेक तंबू चालायच्या काठ्यांवर उभे राहतात. तुम्ही एरवीही काठ्या घेऊन चालत असाल, तर खांबांचं वजन जवळपास फुकटात वाचतं. काठ्या वापरतच नसाल, तर या तंबूचा फायदा निम्म्यावर येतो.

सायकलवरचा शिंपी

हौशी कॅम्पिंगचा पाया घालणारा थॉमस हायरम होल्डिंग हा पेशाने लंडनचा शिंपी. कापड कुठे वाचवायचं आणि शिवण कुठे पक्की हवी, हे त्याला ठाऊक असणारच. सायकलवर बांधून नेता येतील इतके छोटे तंबू त्याने बेतले, १९०१ मध्ये सायकलवरून कॅम्पिंग करणाऱ्यांची संघटना उभी केली आणि १९०८ मध्ये या विषयावर जाडजूड हातपुस्तक लिहिलं. पुढे त्याच संघटनेतून ब्रिटनचा कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब आकाराला आला.

‘दोघांचा’ म्हणजे किती जणांचा?

झोपायच्या साध्या मॅटची रुंदी साधारण ५१ सेंटिमीटर असते. दोन मॅट शेजारी टाकल्या की झाले १०२. दोघांच्या तंबूची जमीन बहुतेक वेळा १२० ते १४० सेंटिमीटर रुंद. म्हणजे दोघं खांद्याला खांदा लावून झोपले की सॅकसाठी उरते वीतभर, फार तर दोन वीत जागा. कंपन्या तंबूत माणसं मोजतात, सामान मोजत नाहीत. म्हणून जुन्या ट्रेकर मंडळींचा सल्ला सोपा आहे: सामान आत ठेवायचं असेल तर माणसांपेक्षा एक आकडा मोठा तंबू घ्या. एकट्यासाठी दोघांचा, दोघांसाठी तिघांचा.

एव्हरेस्टइतका धागा, वजन २० ग्रॅम

तंबूच्या लेबलवर ‘२० डी’, ‘७० डी’ असं लिहिलेलं असतं. हा डी म्हणजे डेनियर: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. एव्हरेस्टच्या उंचीएवढा, म्हणजे ८,८४९ मीटर लांब २० डेनियरचा धागा तराजूत टाकला, तर जेमतेम २० ग्रॅम भरेल! हलक्या तंबूचं कापड असल्याच धाग्याचं असतं. ते जपायला चौकटीचं विणकाम मदतीला येतं. कापडावर बारीक चौकोन दिसतात ना? ठराविक अंतरावर जाड धागे घालून ते विणलेले असतात, म्हणजे चीर पडलीच तर ती पुढे धावत नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी पुढे आलेली ही विद्या आज तुमच्या डोक्यावर छप्पर धरते.

तीन मीटर पाण्याचा खांब

‘वॉटरप्रूफ ३००० मिमी’ याचा पावसाच्या मोजमापाशी काही संबंध नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरतात आणि किती उंचीला थेंब पाझरू लागतात ते बघतात. ३००० म्हणजे तीन मीटरचा स्तंभ. छतापेक्षा जमिनीला हा आकडा मोठा लागतो, कारण ओल्या मातीवर आपण गुडघा टेकवतो तेव्हा कापडावर भलताच दाब येतो. आकड्यावर मात्र विसंबू नका. तंबूचं बाहेरचं आवरण, म्हणजे फ्लाय, उलटं करून शिवणीवरून बोट फिरवा. शिवणीच्या भोकांवर पारदर्शक पट्टी सपाट, सलग चिकटलेली हवी. सिलिकॉन चढवलेल्या कापडावर ही पट्टी चिकटतच नाही, तिथे शिवण सिलिकॉननेच बुजवावी लागते. आणखी एक, नायलॉन भिजलं की सैल पडतं. पाऊस सुरू झाल्यावर दोर पुन्हा ताणून घेतलेले बरे.

पाऊस आतूनच पडतो

रात्रभर ढग नाही, तरी पहाटे स्लीपिंग बॅग दमट. गळती शोधू नका, ते तुमचंच पाणी आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रीत साधारण पाव लिटर वाफ सोडतो. दोघं असतील तर अर्धा लिटर! ती थंड कापडाला लागली की थेंब होऊन लोंबते. दुहेरी तंबूत आत जाळी आणि बाहेर फ्लाय असते, त्यामुळे थेंब फ्लायच्या आतल्या बाजूला जमतात आणि आपण कोरडे राहतो. एकेरी तंबू वजन वाचवतो तो नेमका इथे. सह्याद्रीच्या दमट हवेत चारशे-पाचशे ग्रॅम जास्त उचलून दुहेरी तंबू नेलेला चांगला, आणि झडपा उघड्या ठेवून झोपायचं.

कातळात खुंटी ठोकणार कशी?

१९७५ मध्ये नॉर्थ फेस कंपनीने अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलरच्या जिओडेसिक घुमटावर बेतलेला तंबू बाजारात आणला. लवचिक दांड्या एकमेकींना ओलांडून ताणल्या की तंबू खुंट्यांशिवायही उभा राहतो. आपल्याकडे ही सोय फार मोलाची, कारण हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळच्या उघड्या कातळात खुंटी शिरेल कुठून? काठ्यांवरच्या अतिहलक्या तंबूची तिथे पंचाईत होते. घुमट मात्र उभा राहतो, फक्त चारी कोपरे जड दगडांना बांधायला विसरू नका. रिकामा घुमट वाऱ्याबरोबर उडायला वेळ लागत नाही.

ध्रुवावरची सामानाची खोली

नॉर्वेच्या रोआल्ड आमुंडसेनची तुकडी १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचली आणि निघताना एक छोटा तंबू मागे ठेवून आली. मार्टिन रॉने या शिडं शिवणाऱ्या कारागिराने तो शिवला होता, आणि एकाच बांबूवर तो उभा होता. महिन्याभराने त्याचा ब्रिटिश प्रतिस्पर्धी स्कॉट तिथे पोचला तेव्हा आत सापडले हातमोजे, मोजे, मोजमापाची उपकरणं आणि पत्रं. तंबू तिथेच बर्फाखाली गाडला गेला.

सामान आत की बाहेर, हा प्रश्न एव्हरेस्टवरही गाजला. २९ मे १९५३ च्या पहाटे हिलरीचे रात्री काढून ठेवलेले बूट गोठून लाकूड झाले होते. स्टोव्हवर ते मऊ करण्यात दोन तास गेले! तंबू निवडताना म्हणूनच दारापुढची पडवी बघा. फ्लाय आणि आतलं दार यांच्यामधल्या या जागेत चिखलाचे बूट आणि सॅक मावली पाहिजे. खाऊ मात्र तिथे ठेवू नका, गडावरची माकडं आणि उंदीर तो सहज पळवतात. आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, विंचवालाही ऊब हवी असते.

दोन सेकंदांचा मोह

फेकला की आपोआप उघडणारा केचुआ या ब्रँडचा तंबू २००५ मध्ये आला आणि लोक हरखून गेले. गाडीने जाऊन तळ्याकाठी मुक्काम करणार असाल तर खुशाल घ्या. पण घडी घातल्यावर त्याची मोठी गोल चकती होते. ती सॅकबाहेर लटकते आणि कारवीच्या रानात पावलोपावली अडकते. ट्रेकला वजनाइतकंच गुंडाळीचं मापही महत्त्वाचं.

घरी आल्यावरची दुसरी परीक्षा

तंबू जास्त खराब होतात ते डोंगरावर नव्हे, कपाटात. ओला तंबू तसाच कोंबला की बुरशी धरते, आणि पॉलियुरेथेनचा जलरोधक लेप हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो. मग कापड चिकट होतं आणि कुबट वास सुटतो. मुंबई-कोकणच्या हवेत हे लवकर घडतं. सावलीत पूर्ण वाळवा, तंग पिशवीतून काढा आणि सुती पिशवीत सैलसर ठेवा.

घेण्याआधी

लेबलवरचं वजन खुंट्या, दोर आणि पिशवी धरून आहे का ते विचारा. दुकानात तंबू उभा करायला लावा, आपली भरलेली सॅक घेऊन आत शिरा आणि मॅट टाकून आडवे व्हा. डोकं आणि पाय कापडाला टेकत असतील, तर तो तंबू कितीही हलका असला तरी तुमच्यासाठी छोटाच. आणि गडावर किंवा अभयारण्यात मुक्काम करायचा असेल तर वनखात्याकडे परवानगीची चौकशी आधीच करा. तंबू नंतर घेतला तरी चालेल.