कंपाइल झालं, पण लिंक होईना!

मागच्या शनिवारी विश्रामबागला घरी होतो. सोमवारी मॅडमना आकडे दाखवायचे होते आणि क्लस्टरवर मस्त चालणारा कोड माझ्या उबुंटू लॅपटॉपवर बिल्डच होईना. शेवटी एकच ओळ : ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू डीजेम अंडरस्कोर’. दिवसभर कोड वाचला. चूक कोडमध्ये नव्हतीच!

आधी एक गोष्ट समजून घ्या. कंपायलर प्रत्येक फाइलची वेगळी ऑब्जेक्ट फाइल बनवतो. फंक्शन दुसरीकडे असेल तर तिथे जागा रिकामी सोडतो. ती जागा भरणं हे लिंकरचं काम. म्हणजे या एररचा अर्थ : नाव माहीत आहे, पण त्यामागचं फंक्शन सापडलं नाही. हेडर फाइल्स शोधत बसू नका.

मग काय करायचं?

१. नाव नीट वाचा. डीजेम म्हणजे ब्लासमधला मॅट्रिक्स गुणाकार. शेवटचा अंडरस्कोर जीफोर्ट्रानसारखे कंपायलर लावतात. नावापुढे कंसात आर्ग्युमेंट्सचे प्रकार दिसले, तर सी प्लस प्लसमध्ये ‘एक्सटर्न सी’ राहिलंय.

२. ‘एनएम मायनस डी’ लावून लायब्ररीत ते नाव आहे का बघा. ‘टी’ म्हणजे आहे, ‘यू’ म्हणजे तीच दुसरीकडून मागतेय.

३. क्रम तपासा. माझी चूक इथेच होती. मी ओपनब्लास ऑब्जेक्ट फाइलच्या आधी लिहिलं होतं. उबुंटूचा लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि तोवर कुणी न मागितलेली शेअर्ड लायब्ररी सोडून देतो. क्लस्टरवर ही सेटिंग नव्हती, म्हणून तिथे खपून गेलं. लायब्ररी नेहमी शेवटी!

४. मॅकवर ‘सिम्बॉल्स फॉर आर्किटेक्चर एआरएम ६४’ दिसलं, तर लायब्ररी जुन्या इंटेल मॅकची आहे का ते ‘फाइल’ कमांडने बघा. २०२० नंतरच्या एम सिरीजवर हे वारंवार होतं. विंडोजवर हाच आजार ‘एलएनके २०१९’ नावाने येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : लिंक झालं म्हणजे उत्तर बरोबर, असं नाही. फोर्ट्रानच्या नावात आर्ग्युमेंटचा प्रकार नसतो. कोड ३२ बिट इंटिजर पाठवतो आणि लायब्ररीला ६४ बिट हवे असतात, तरी लिंकर गप्प बसतो. प्रोग्रॅम कोसळला तर नशीब. चुकीचा आकडा थेट थिसिसमध्ये जाऊ शकतो. म्हणून आधी उत्तर पाठ असलेला दोन बाय दोनचा गुणाकार करून बघा आणि बिल्डची कमांड लॅबच्या वहीत लिहून ठेवा.