नियमगिरीचा कौल

आपल्या स्वयंपाकघरांत अल्युमिनियमचें एखादें तरी भांडें असतेंच. विजेच्या तारा, आगगाडीचे डबे, विमानें या सर्वांस हा हलका धातु लागतो. तो कोठून येतो, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. बॉक्साइट नांवाच्या तांबूस दगडापासून तो काढतात, आणि एक टन अल्युमिनियम मिळविण्यास सुमारें चार टन बॉक्साइट खणावें लागतें. ओडिशांतील एका डोंगराच्या माथ्यावर असें बॉक्साइट विपुल आहे. परंतु त्या डोंगरावर राहणाऱ्या लोकांनीं तें खणूं दिलें नाहीं. हें कसें घडलें व त्याचा अर्थ काय, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडावें, असा या लेखाचा हेतु आहे.

नियमगिरीची रांग रायगडा व कलाहंडी या दोन जिल्ह्यांत पसरलेली आहे. (हें रायगडा म्हणजे आपला रायगड नव्हे.) तेथें डोंगरिया कोंध नांवाची आदिवासी जमात राहते. त्यांची संख्या सुमारें आठ ते दहा हजार असून त्यांची भाषा कुवी आहे. डोंगरउतारांवर हे लोक नाचणीसारखीं भरड धान्यें, हळद, आलें व अननस पिकवितात. या डोंगरावर नियमराजा नांवाच्या देवाचा वास आहे व जगण्याचे नियम त्यानेंच घालून दिले, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून माथ्यावरील वृक्षांस ते कुऱ्हाड लावीत नाहींत. कोंकणांतील अथवा मावळांतील देवराई ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस ही गोष्ट नवीन वाटणार नाहीं.

या श्रद्धेच्या मुळाशीं व्यवहारहि आहे. लाखों वर्षें पावसाचें पाणी खडकांतून झिरपून सपाट माथ्यावर बॉक्साइटचा थर बनतो. हा थर सच्छिद्र असल्यामुळें पावसाळ्याचें पाणी स्पंजाप्रमाणें धरून ठेवतो आणि उन्हाळ्यांत तें झऱ्यांच्या रूपानें हळूहळू सोडतो. वंशधारा नदीस या डोंगरांतून पाणी मिळतें. थर काढल्यास झऱ्यांचें काय होईल, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद झाले. परंतु त्या झऱ्यांवर ज्यांची शेती व तहान अवलंबून आहे, त्यांस हा धोका पत्करणें परवडणारें नव्हतें.

ओडिशा सरकारच्या खाणमंडळानें बॉक्साइट काढावें व तें वेदान्त कंपनीच्या कारखान्यास पुरवावें, अशी योजना होती. खाणीस परवानगी मिळण्यापूर्वींच डोंगराच्या पायथ्याशीं लांजीगड येथें कारखाना उभा राहिला. आदिवासींनीं मोर्चे काढले, रस्ते अडविले, न्यायालयांत दाद मागितली. २०१० सालीं सक्सेना समितीच्या अहवालानंतर केंद्रीय पर्यावरण खात्यानें वनभूमीची परवानगी नाकारली. समितीनें दाखवून दिलें कीं, माथ्यावरील सुमारें ७ कोटी २० लक्ष टनांचा साठा विस्तारलेल्या कारखान्यास अवघीं चार वर्षें पुरेल.

खाणमंडळ सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १८ एप्रिल २०१३ रोजीं न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें आदिवासींच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा विचार प्रथम ग्रामसभेनें करावा. त्याप्रमाणें सरकारनें बारा गांवें निवडलीं. कांहीं वाड्या तर इतक्या लहान होत्या कीं, तेथील मतदार शंभरहि भरत नव्हते. जुलै व ऑगस्ट २०१३ मध्यें, जिल्हा न्यायाधीशाच्या समक्ष, पावसांत या सभा भरल्या. ज्यांनीं कधीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें, अशा स्त्रीपुरुषांनींहि उभें राहून आपलें म्हणणें सांगितलें. बाराच्या बारा ग्रामसभांचा कौल नकाराचा पडला. जानेवारी २०१४ मध्यें केंद्र सरकारनें तो मान्य केला. पुढें पुन्हां सभा घेण्याची मागणी झाली, ती २०१६ सालीं न्यायालयानें फेटाळली.

येथें कोणी म्हणेल कीं, मूठभर लोकांसाठीं देशाची प्रगति अडवावी काय? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. धातु सर्वांसच हवा आहे, आणि कारखान्यामुळें कित्येकांस रोजगारहि मिळतो. परंतु तो कारखाना बंद पडला नाहीं. अन्य ठिकाणचें बॉक्साइट आणून तो चालतो. उलट डोंगराचा माथा एकदां उतरविला म्हणजे तो पुन्हां घडवितां येत नाहीं. लाभ एकानें घ्यावयाचा व हानि दुसऱ्यानें सोसावयाची, असें जेथें असेल, तेथें सोसणाऱ्यास आधीं विचारणें हें न्यायाचें पहिलें पाऊल होय.

पवित्र शास्त्रांतील नाबोथाची कथा आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. राजा अहाबानें त्याच्या द्राक्षमळ्याबद्दल दुसरा चांगला मळा अथवा रोख मोल देऊं केलें. परंतु वडिलार्जित वतन देण्यास नाबोथानें नकार दिला, आणि त्यापायीं त्यास प्राण गमवावे लागले. नाबोथाचें ऐकून घेणारें न्यायासन नव्हतें. डोंगरिया कोंधांस तें मिळालें, एवढाच काय तो फरक. परंतु तो फार मोठा आहे.

तो सर्वत्र लाभतो असें मात्र नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत, गडचिरोली जिल्ह्यांतील सुरजागडचा डोंगर माडिया गोंडांच्या ठाकुरदेवाचें स्थान आहे. तेथें लोहखनिज आहे. तेथील ग्रामसभांनींहि विरोध केला. तरी तेथें खाण चालूं आहे. नियमगिरि दूर म्हणून हा प्रश्न दूरचा नव्हे. आज शाळेंत बसलेल्या मुलांपैकीं उद्यां कोणी अभियंता होईल, कोणी अधिकारी, कोणी न्यायाधीश. नकाशावर एखादा डोंगर ओसाड दिसला, तर तेथें कोण राहतें व त्यांस विचारलें आहे काय, एवढें विचारण्याची संवय त्यांनीं आतांपासून लावून घ्यावी.