हाताची विद्या आणि तिचे अध्यापन

जन्मलेले मूल रडत नाही, तेव्हा प्रसूतिकक्षातील मंडळींच्या हाती जेमतेम एक मिनिट असते. आणि दर दहा नवजातांपैकी सुमारे एकास पहिल्या श्वासासाठी काही ना काही साहाय्य लागते, हे ध्यानी घेतले म्हणजे ते साहाय्य देण्याची विद्या सहकाऱ्यांना शिकवणे ही रुग्णालयाच्या कामकाजातील किरकोळ बाब नव्हे, हे कोणासही पटावे. तथापि या अध्यापनाविषयीच्या काही समजुती जाणत्या वैद्यकांच्या मनातही इतक्या घट्ट रुजल्या आहेत की, त्यांची खातरजमा करण्याचे सहसा कोणी मनावर घेत नाही.

गैरसमज : ज्याचा हात कुशल, तो शिक्षकही उत्तम.

वस्तुस्थिती : हात जसजसा सराईत होतो, तसतशा कृतीतील पायऱ्या कर्त्याच्याच जाणिवेतून लुप्त होत जातात. अर्भकाच्या नाकातोंडावर मास्क बसवताना अंगठा व तर्जनी वर टेकवून उरलेल्या तीन बोटांनी जबडा उचलून धरावा, इतके शिक्षक सांगतो. परंतु ती बोटे हाडावरच असावीत, त्याखालच्या मऊ भागावर दाब पडल्यास ज्या वाटेने हवा जायची तीच वाट बुजते, हा तपशील त्याच्या बोटांना ठाऊक असूनही जिभेवर येत नाही. नवखी परिचारिका मात्र मास्कला जोडलेली हवेची पिशवी दाबीत राहते, आणि छाती का उचलली जात नाही याचा तिला उलगडा होत नाही.

गैरसमज : एकदा पाहावे, एकदा करावे, मग दुसऱ्यास शिकवावे.

वस्तुस्थिती : हा मंत्र बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांच्या नावावर खपवला जातो, पण त्यांचे शिष्य तर वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या नजरेखाली राहून टप्प्याटप्प्याने जबाबदारी पत्करीत. हाताची कृती शिकवण्यासाठी शल्यविशारद पेटन यांनी १९९८ साली मांडलेली पद्धतीही चार पायऱ्यांची आहे : शिक्षकाने प्रथम नेहमीच्या गतीने, न बोलता कृती करावी, मग कारणे सांगत सावकाश करावी, तिसऱ्या खेपेस शिष्याने सांगावे आणि शिक्षकाने त्याच्या सांगण्याबरहुकूम करावे, चौथ्या खेपेस शिष्याने स्वतः सांगत करावे. यांतील तिसरी पायरीच बहुधा गाळली जाते, आणि शिष्याच्या मनातला घोटाळा रुग्णास हात लागण्यापूर्वी उघडा पडतो तो नेमका तिथेच.

गैरसमज : बाहुलीवरचा सराव म्हणजे पोरखेळ.

वस्तुस्थिती : पुनरुज्जीवनाच्या सरावाची प्रसिद्ध बाहुली १९६० साली घडवली, ती नॉर्वेतील खेळण्यांचे कारखानदार आस्मुंड लेर्दाल यांनीच! मिनिटास ४० ते ६० वेळा पिशवी दाबण्याची लय ‘दाब, दोन, तीन’ असे मोजत अंगवळणी पडेपर्यंत वीसदा चुकावे लागते; बाहुली त्या वीसही चुका निमूटपणे सोसते.

गैरसमज : अशी विद्या पदवीधरांखेरीज कोणास देऊ नये.

वस्तुस्थिती : गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील थोडे शिकलेल्या स्त्रियांना घरोघरच्या नवजात-सेवेचे, त्यातच गुदमरलेल्या अर्भकास श्वास देण्याचे व जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्याचेही, शिक्षण दिले. आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा तेथील नवजात-मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

गैरसमज : प्रमाणपत्र ही तहहयात सनद होय.

वस्तुस्थिती : वापर नसेल तर हाताची विद्या काही महिन्यांतच ओसरू लागते. म्हणून दोन वर्षांतून एकदा भरवलेल्या शिबिरापेक्षा, पाळी बदलताना दोघींनी मिळून बाहुलीवर केलेला पाच मिनिटांचा सराव अधिक मोलाचा. त्यासाठी ती बाहुली प्रसूतिकक्षातल्या मेजावर असावी लागते. भांडाराच्या कपाटात नव्हे, ज्याची किल्ली रात्रपाळीस कोणाकडेच नसते.